न विसरलेली औटकी

सात औट किती? माळशिरस, नातेपुते किंवा अकलूजच्या पेठेत आयुष्य काढलेल्या, ऐंशीच्या घरातील एखाद्या व्यापारी आजोबांना हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर यायला क्षणाचाही विलंब लागत नाही : साडेचोवीस. त्यापाठोपाठ अठ्ठावीस, साडेएकतीस आणि पस्तीस हेही आपोआप बाहेर पडतात. कारण एकदा सुरू झालेला पाढा मध्येच थांबवणे त्यांना जमत नाही. शेजारी बसलेल्या नातवाला मात्र ‘औट’ म्हणजे बाद झालेला फलंदाज एवढेच ठाऊक असते. आजोबांचा औट साडेतीनचा आहे, हे त्याला समजावून सांगावे लागते. सांगून झाल्यावर तो साहजिकच विचारतो, साडेतीनचा पाढा कशाला पाठ करायचा?

प्रश्न रास्त आहे. ज्या हिशेबासाठी हा पाढा पाठ केला, तो हिशेब देशातून उठून गेल्याला सहा दशकांहून अधिक काळ लोटला. दुकानात आता गणकयंत्र आहे, भ्रमणध्वनी आहे, बिल छापून देणारे यंत्र आहे. औटकीवाचून कोणाचेही काही अडत नाही. तरीही ती आजोबांच्या डोक्यातून जात नाही. सुनेचा भ्रमणध्वनी क्रमांक त्यांना पाठ नसतो, पणतवंडांच्या नावांत कधी गल्लत होते, सकाळी औषध घेतले की नाही हे दोनदा विचारावे लागते. औटकी मात्र जशीच्या तशी असते. उपयोगाचे विसरावे आणि निरुपयोगी लक्षात राहावे, असे हे स्मरणशक्तीचे वागणे पहिल्या दृष्टीस चमत्कारिक वाटते. थोडे खोलात गेल्यावर मात्र त्यात आपल्या व्यापाराचा, भाषेचा आणि धर्मपरंपरेचाही एक धागा सापडतो.

दिवेलागणीचा परवचा

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी मुलांच्या वाट्याला पाढ्यांची दोन कुळे येत असत. एक पूर्णांकांचे, बेपासून तिसापर्यंत. दुसरे अपूर्णांकांचे : पावाची पावकी, अर्ध्याची निमकी, पाऊणाची पाऊणकी, सव्वाची सवायकी, दिडाची दिडकी, अडिचाची अडीचकी आणि साडेतीनची औटकी. उजळणीच्या पुस्तकात ही दोन्ही कुळे शेजारी शेजारी छापलेली असत. संध्याकाळी दिवा लागला की मुलांना ओळीने बसवून ती मोठ्याने म्हणवून घेत. त्याला परवचा म्हणत. वार, तिथी, महिने, नक्षत्रे हेही परवच्यातच येई.

माळशिरस तालुक्यातील जैन घरांत परवच्याला आणखी एक अंग होते. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकलेले असल्यामुळे दिवेलागणीची वेळ मोकळी असे. आधी णमोकार मंत्र, मग ऋषभनाथांपासून महावीरांपर्यंत चोवीस तीर्थंकरांची नावे, त्यांची वृषभ, हत्ती, घोडा, वानर ही क्रमाने येणारी लांछने आणि त्यानंतर पाढे. मुलाच्या दृष्टीने या सर्वांत फारसा भेद नव्हता. प्राकृतातील पदांचा अर्थ त्याला कळत नसे आणि औटकीचा उपयोगही कळत नसे. आजी चुकलेले पद तिथल्या तिथे सुधारी, आजोबा चुकलेला अंक सुधारीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षाचे तीनशे दिवस धरले, तरी पाच वर्षांत दीड हजार आवृत्त्या होत. पुढे महाविद्यालयात शिकलेल्या कोणत्या विषयाच्या वाट्याला इतक्या आवृत्त्या येतात?

अडीचकी काय काम करी

अपूर्णांकांचे पाढे हा शाळेचा हट्ट नव्हता. ती पेठेची गरज होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै. वजनात मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक आणि ऐंशी तोळे. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. धान्य मापाने घ्यायचे, तर दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. त्यातही गावोगावी मापे लहानमोठी असत. या साऱ्या मोजणीत दहाचा किंवा शंभराचा संबंध कोठेच नव्हता.

माळशिरस तालुक्याच्या उत्तर अंगाने नीरा नदी जाते. नीरेच्या उजव्या कालव्याने भिजणाऱ्या पट्ट्यात ऊस आणि गूळ, तर कालवा न पोचलेल्या भागात ज्वारी-बाजरी. पूर्वी गुजरातेतून येऊन नीरा-भीमेच्या या प्रदेशात स्थिरावलेल्या हुमड जैन घराण्यांचा भुसार, किराणा, कापड आणि आडतीचा व्यवसाय या मालावरच उभा होता. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरपूरकडे जाते. त्या दिवसांत तर दुकानापुढे गिऱ्हाइकांची रीघ लागे. अशा वेळी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करीत बसणे शक्यच नव्हते.

समजा, गुळाचा भाव मणाला साडेसतरा रुपये आहे आणि गिऱ्हाइकाला शेरभर गूळ हवा आहे. मणाचे शेर चाळीस. एका शेराला एक आणा धरला, तर मणाला चाळीस आणे, म्हणजे अडीच रुपये होतात. म्हणून मणाच्या भावात अडीच रुपये जितके वेळा बसतील, तितके आणे शेराला. अडीचकी पाठ असणाऱ्याला साडेसतरा हा आकडा ऐकताच ‘सात’ आठवे, आणि शेराचे सात आणे सांगून तो मोकळा होई. याच रीतीने शेराला जितके रुपये, तितके आणे छटाकाला. डझनाला जितके आणे, तितक्या पै नगाला. दरमहा दरशेकडा पाऊण रुपया व्याज असेल, तर बारा पाऊण नऊ, म्हणून वर्षाचे नऊ रुपये. आज नुसती घोकंपट्टी वाटणारी ही पाठांतरे म्हणजे त्या काळचे तयार कोष्टकच होते. फरक इतकाच की ते भिंतीवर टांगलेले नसून जिभेवर असे.

त्याला नैतिक बाजूही होती. गिऱ्हाइकाला औटकी येत असे आणि दुकानदारालाही येत असे. हिशेब दोघांच्या डोक्यात एकाच वेळी होई. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजनेमापे वापरणे हा दोष शास्त्राने स्पष्ट सांगितला आहे. वजनात किंवा भावात एका पैचाही फरक पडला, तर तो समोरच्याला तिथेच कळण्याची सोय असणे, हा त्या व्रताला मिळालेला मोठाच आधार होता.

१ एप्रिल १९५७

हे सारे एका कायद्याने मागे पडले. १९५५ मध्ये नाणेविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम, लिटर व मीटर पेठेत आले. १९६४ मध्ये नव्या पैशातील ‘नवा’ हा शब्दही गळाला.

संक्रमणाच्या त्या काळात जुनी आणि नवी नाणी एकत्र चालत होती, आणि व्यापाऱ्यांना आणखी एक कोष्टक पाठ करावे लागले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून सरकारने पूर्णांकांचे कोष्टक ठरवून दिले : एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस, पाच आण्यांचे एकतीस, असे करीत सोळा आण्यांचे शंभर. हे कोष्टक तर औटकीपेक्षाही अल्पायुषी ठरले. जुनी नाणी चलनातून गेली आणि अवघ्या काही वर्षांत त्याचे काम संपले. तरी त्या काळी गल्ल्यावर बसणाऱ्या तरुणांपैकी जे आज हयात आहेत, त्यांच्यापैकी कोणी ‘तीन आण्यांचे एकोणीस’ असे अजूनही सहज म्हणून जातो. चार आणे व आठ आणे मात्र पंचवीस आणि पन्नास पैशांशी तंतोतंत जुळत होते. त्यामुळे ‘चाराणे’ हा शब्द नाण्यासकट टिकला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणे वैध राहिले नाही, तेव्हाच त्याचा खरा निरोप झाला.

धारणा

वापर थांबला तरी स्मरण का थांबत नाही? हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये या प्रश्नावर पहिला शास्त्रशुद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने स्वतःवरच प्रयोग केले, आणि त्यासाठी मुद्दाम अर्थहीन अक्षरसमूह रचून ते पाठ केले. पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्याला आढळले. परवचा सुरू करणाऱ्यांनी एबिंगहाउसचे नाव ऐकलेले नव्हते. पण रोज थोडे आणि वर्षानुवर्षे, ही त्यांची पद्धत त्याच्या निष्कर्षाशी जुळणारी होती.

पुढे १९८४ मध्ये हॅरी बाहरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शाळेत स्पॅनिश शिकलेल्या सुमारे सातशे लोकांची परीक्षा घेतली. त्यांच्यापैकी काहींनी ती भाषा पन्नास वर्षांपूर्वी सोडून दिली होती. पहिल्या काही वर्षांत बरेच गळून जाते, पण त्यानंतर जे उरते ते पंचवीस-तीस वर्षे जवळजवळ तसेच राहते, असे त्याला दिसले. ज्यांनी मुळात अधिक काळ आणि पक्के शिकले होते, त्यांच्याजवळ अधिक उरले होते. बर्फाळ प्रदेशात जमीन कायमची गोठलेली असते, तशी ही गोठलेली स्मृती, असे त्याचे म्हणणे होते.

जैन दर्शनाने याच विषयाचा विचार फार पूर्वी वेगळ्या अंगाने केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. वस्तूची पहिली चाहूल म्हणजे अवग्रह, ती काय असावी याची जिज्ञासा म्हणजे ईहा, ती हीच असा निश्चय म्हणजे अवाय आणि कालांतरानेही तो निश्चय न विसरणे म्हणजे धारणा. उपयोगी आणि निरुपयोगी हा भेद या मांडणीत येत नाही. ज्याची धारणा झाली, ते राहते. वस्तू बाजारात चालते की नाही, याची चौकशी धारणा करीत नाही.

वृद्धापकाळी विस्मरणाचा आजार जडलेल्या माणसांच्या घरात याचा प्रत्यय येतो. आजची तारीख सांगता येत नाही, मुलाला भाऊ समजून हाक मारली जाते. पण कोणी णमोकाराचे पहिले पद उच्चारले की उरलेली चार त्यांच्या ओठांवर आपोआप येतात. पाढ्यांचेही तसेच. लहानपणी पक्के झालेले बऱ्याच वेळा सर्वांत शेवटी जाते. ज्या घरात बोलण्यासारखे फार थोडे उरलेले असते, तेथे ‘दहा औट पस्तीस’ हेदेखील आजोबा आणि नातू यांच्यातील संभाषण ठरते.

पेठेतील अडीच, मंदिरातील अडीच

औटकीबरोबर आणखी काही जपले गेले आहे, ते म्हणजे शब्द. ‘औट’ हा शब्द प्राकृतातील ‘अद्धुट्ठ’पासून आला आणि तो संस्कृतातील ‘अर्धचतुर्थ’पासून. अर्धचतुर्थ म्हणजे ज्यात चौथे अर्धे आहे : तीन पूर्ण आणि चौथे अर्धे, म्हणून साडेतीन. त्याच रीतीने ‘अडीच’ म्हणजे प्राकृतातील ‘अड्ढाइज्ज’, संस्कृतातील ‘अर्धतृतीय’ : दोन पूर्ण आणि तिसरे अर्धे.

जैन भूगोल जाणणाऱ्या वाचकाच्या लक्षात येथे एक गोष्ट येईल. मनुष्यलोकाला आपण अढाई द्वीप किंवा अडीच द्वीप म्हणतो. जंबूद्वीप पूर्ण, धातकीखंड पूर्ण आणि तिसऱ्या पुष्करवर द्वीपाचा मानुषोत्तर पर्वताच्या अलीकडील अर्धा भाग. दोन पूर्ण आणि तिसरे अर्धे! अर्धतृतीय हा शब्द ज्या रीतीने मोजतो, नेमक्या त्याच रीतीने आगम मनुष्यलोक मोजतात. दुकानात अडीचकी म्हणणारा मुलगा आणि मंदिरात अढाई द्वीपातील जिनबिंबांना अर्घ्य देणारा श्रावक एकच प्राकृत संख्या उच्चारीत होते. व्यापाराची आणि पूजेची भाषा तेव्हा इतकी जवळ होती.

बाकीची जुनी मापे आता म्हणींत आणि वाक्प्रचारांत राहतात. गोष्ट सोळा आणे खरी असते, सत्ता औट घटकेची असते, प्रकृती तोळामासा असते, हिशेब पै न पै चुकता होतो. घटका चोवीस मिनिटांची. म्हणजे औट घटकेचे राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचे. आजीच्या स्वयंपाकघरात तर काही जुनी मापे अजून चालू आहेत. पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. हे आकडे तिने कोठे लिहून ठेवलेले नसतात. भाजीवालीकडे ती आजही पावशेर मिरच्याच मागते आणि भाजीवाली न चुकता अडीचशे ग्रॅम देते.

एका अक्षराचे मोल

पाठांतराला कमी लेखणाऱ्या आजच्या काळात एक गोष्ट आठवावी. भगवान महावीरांची वाणी कित्येक शतके लिहिलेली नव्हती. ती आचार्यांच्या कंठात होती. दुष्काळ आले, स्मरण क्षीण होऊ लागले आणि अंगज्ञानाचा मोठा भाग हरपला. तेव्हा गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना चिंता पडली की आपल्याजवळ उरलेले ज्ञान आपल्याबरोबरच जाईल. त्यांनी दोन योग्य मुनी बोलावून घेतले. तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी प्रसिद्ध झाले.

धवला टीकेत त्यांच्या परीक्षेची कथा आहे. आचार्यांनी दोघांना एकेक मंत्र दिला. एकात एक अक्षर जास्त होते, दुसऱ्यात एक कमी. साधना पूर्ण होताच दोन देवता प्रकट झाल्या; एकीचे दात पुढे आलेले, दुसरी एकाक्ष. देवता विकृत असत नाहीत, तेव्हा दोष मंत्रातच असला पाहिजे, हे दोघांनी ओळखले. व्याकरणानुसार अक्षरे दुरुस्त करून त्यांनी पुन्हा जप केला, तेव्हा देवता आपल्या मूळ स्वरूपात आल्या. मग आचार्यांनी त्यांना आगम शिकवला. त्यातून षट्खंडागम ग्रंथरूपात आला आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला त्याची पूजा झाली. तीच आपली श्रुतपंचमी.

एका अक्षराने देवता एकाक्ष होते, ही कल्पना ज्या समाजाने उराशी बाळगली, त्या समाजाच्या रोजमेळात एक आणा कमीजास्त झाला तर रात्री झोप लागत नसे, यात नवल नाही. माळशिरस तालुक्यातील दहीगाव हे अतिशय क्षेत्र मराठीत रचना करणाऱ्या ब्रह्मचारी महतीसागरांच्या स्मृतीशी जोडलेले आहे. तेथील मंदिरात दशलक्षण पर्वाच्या दिवसांत गेल्यास तत्त्वार्थसूत्राचे वाचन कानी पडते : दहा दिवस, दहा अध्याय. सूत्रे म्हणणाऱ्या सर्वांनाच प्रत्येक सूत्राचा अर्थ सांगता येईल असे नाही. पण शब्द शाबूत आहेत. म्हणून ज्याला अर्थ हवा, त्याला तो शोधता येतो. शब्दच गेले, तर अर्थ शोधायचा कशात?

स्मरणशक्तीचा गर्व होऊ नये, हेही आपल्याच परंपरेने शिकवले आहे. श्रीमद राजचंद्र हे मुंबईतील जवाहिऱ्यांच्या पेढीतील भागीदार. १८८७ मध्ये, विशीही गाठलेली नसताना, त्यांनी मुंबईत शतावधानाचा प्रयोग करून शंभर गोष्टींकडे एकाच वेळी अवधान ठेवून दाखवले. १८९१ मध्ये इंग्लंडहून परतलेल्या गांधीजींनी आपल्याजवळचे निरनिराळ्या युरोपीय भाषांतील शब्द त्यांच्यापुढे ठेवून परीक्षा पाहिली, तेव्हा श्रीमदांनी ते सारे त्याच क्रमाने म्हणून दाखवले. ही हकीकत गांधीजींनी आत्मकथेत लिहिली आहे. पण श्रीमदांनी अवधानाचे जाहीर प्रयोग विसाव्या वर्षाच्या सुमारासच थांबवले होते. आत्मसाधनेच्या मार्गात ते अडथळा ठरतात, असे त्यांना वाटले. गांधीजींवरही कायमचा प्रभाव पडला तो त्यांच्या स्मरणशक्तीचा नव्हे. तो त्यांच्या शास्त्रज्ञानाचा, निर्मळ चारित्र्याचा आणि आत्मदर्शनाच्या तळमळीचा.

माळ्यावरची वही

मग औटकीचे करायचे काय? ती आता नातवंडांकडून घोकून घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांच्या डोक्यात ती आहे, त्यांच्याजवळ एक किल्ली आहे, आणि ती किल्ली त्यांच्याबरोबरच जाणार आहे.

अनेक व्यापारी घरांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या असतात : कीर्द, खतावणी, वाटणीपत्रे, लेकीसुनांना घातलेल्या दागिन्यांच्या याद्या. त्यांत पाव, अर्धा आणि पाऊण हे अंकापुढील उभ्या रेघांनी दाखवलेले असतात. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. ‘५।’ म्हणजे सव्वापाच. आजचा मुलगा ते एक्कावन्न वाचतो. एखाद्या यादीत सोने ‘१२।’ तोळे लिहिलेले असेल, तर ते सव्वाबारा तोळे. शिवाय तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा; आज पेठेत सोयीसाठी दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. जुन्या मापाने सव्वाबारा तोळे म्हणजे सुमारे १४३ ग्रॅम, नव्या बोलीने साडेएकशेबावीस. एवढ्याशा अज्ञानात वीस ग्रॅम सोने हरवते आणि भावाभावांत संशय मात्र शिल्लक राहतो.

जमिनीच्या आणि भागीदारीच्या जुन्या कागदांत हिस्से आणे-पैमध्ये असतात. ‘पाच आणे चार पै’ हे वाचून तरुण वकीलही घटकाभर थांबतो. आजोबा थांबत नाहीत. एकशे ब्याण्णव पैंचा तिसरा भाग चौसष्ट पै, म्हणजे पाच आणे चार पै. अर्थात तीन भावांत सारखी वाटणी. दोन आणे आठ पै म्हणजे सहावा हिस्सा, एक आणा चार पै म्हणजे बारावा. जुना रुपया तीन भावांत पूर्ण वाटला जाई, काही उरत नसे. शंभर पैशांचा रुपया तिघांत वाटला की एक पैसा उरतो आणि तो कोणाचा, हा प्रश्नही उरतो.

दिवाळीत महावीर निर्वाणाचा लाडू चढवून झाल्यावर नव्या वहीचे पूजन होते. पुष्कळ घरांत आता वहीच्या जागी संगणक ठेवून त्यालाच कुंकू लावतात. त्या दिवशी माळ्यावरची एक जुनी वही खाली काढावी, तिच्यावरची धूळ झटकावी आणि घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावी. एक पान त्यांनी वाचावे, नातवाने ते आजच्या अंकांत दुसऱ्या वहीत उतरवून घ्यावे. धरसेनांनी जे आगमांसाठी केले, त्याचीच ही घरगुती आणि फार लहान आवृत्ती आहे. वाचता वाचता आजोबांना मध्येच औटकी आठवेल आणि ती पस्तीसपर्यंत पोचल्याशिवाय थांबणार नाही. त्यांना थांबवू नये. पस्तीस झाल्यावर पुढची ओळ वाचायला घ्यावी.